एका सीडीचं देणं

ज्यांचं देणं सांगायला बसलो आहे, त्या अतुल चिटणीसांना मी कधी भेटलो नाही. त्यांना कधी पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. ते बेंगळुरूचे, मी जळगावला लागून असलेल्या मेहरूणचा. त्यांचा जन्म 1962चा, बर्लिनमधला. इंजिनिअरिंगचं शिक्षण मात्र आपल्या बेळगावातलं. 1989 साली, देशात इंटरनेटचं नावही कुणी घेत नव्हतं तेव्हा, त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडून निरोप नि फाइली पाठवण्याची सोय हौशी लोकांसाठी करून दिली होती. हे सगळं मला फार उशिरा कळलं. माझ्यापुरते ते 'पीसी क्वेस्ट' मासिकातलं एक नाव होते आणि त्या मासिकाबरोबर येणारी एक सीडी.

मी बाजार समितीतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होतो. घर मेहरूणात, दुकान अजिंठा रोडच्या बाजूला; सायकलवर जाण्यायेण्यासारखं. शिक्षण कॉमर्सचं, इंग्रजी बेताचं. शेतकऱ्याचा माल उतरला, लिलाव झाला, काटा झाला की हिशोबपट्टी करायची: वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई वजा, खाली रोख देणं. सीझनला रात्री उशिरापर्यंत हेच काम. शेठजींनी पट्ट्यांसाठी एक जुना कॉम्प्युटर नि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला आणि दोन्ही माझ्या हवाली केले. शिकवायला कुणी नव्हतं. म्हणून जळगाव स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून कॉम्प्युटरची मासिकं आणू लागलो. आधी नुसती चित्रं बघायचो, मग एकेक लेख शब्दकोश जवळ घेऊन वाचायचो.

1996 साली चिटणीसांनी त्या मासिकातर्फे लिनक्सचा उपक्रम सुरू केला. मासिकासोबतच्या सीडीवर आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम द्यायची आणि ती कशी चढवायची ते आत लिहायचं. पहिल्यांदा स्लॅकवेअर नावाची लिनक्सची आवृत्ती दिली, पुढे रेड हॅट, आणि नंतर त्यावर बेतलेलं मासिकाचं स्वतःचं 'पीसीक्यूलिनक्स'. माझ्या हाती या मालिकेतली जी सीडी पहिल्यांदा आली, ती मी कितीतरी दिवस उघडलीसुद्धा नाही. मासिकाबरोबर फुकट आलेल्या वस्तूत कामाचं काय असणार, अशीच माझी समजूत होती.

त्या सीडीचं मोल मला बऱ्याच वर्षांनी कळलं, एकदा सहज हिशोब मांडला तेव्हा. सीडीवर साडेसहाशे एमबी मावत. त्या काळातला चांगल्यात चांगला मोडेम सेकंदाला चार केबी ओढायचा, तोही लाइन धड असली तर. म्हणजे तेवढा माल उतरवायला शेहेचाळीस तास अखंड फोन लागलेला हवा. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या शहरांत. जळगावातून ते घ्यायचं तर एसटीडीने फोन लावायचा. शेहेचाळीस तासांचं एसटीडीचं बिल मेहरूणातल्या कोणत्या घराला परवडलं असतं? लिनक्स सगळ्या जगाला मोफत होतं; आमच्यापर्यंत ते पोचण्याचा रस्ता मात्र मोफत नव्हता. तो रस्ता चिटणीसांनी बुकस्टॉलवरून काढला. ज्याच्याकडे लाइन नाही, विचारायला माणूस नाही, तोसुद्धा हे वापरणाऱ्यांत धरायचा, असं त्यांनी आधी मनाशी ठरवलं असणार. त्याशिवाय असा उपक्रम सुचत नाही.

पुढे सीडी उघडली. चढवता चढवता अडलो. मॉनिटरची आडवी नि उभी वारंवारता भरायची होती आणि चुकीचा आकडा भरला तर मॉनिटर बिघडू शकतो, अशी ताकीद होती. मॉनिटर शेठजींचा. मागच्या पत्र्यावरचं लेबल उन्हाधुळीने पुसट झालेलं. बॅटरी मारून, बोटाने पुसून एकेक आकडा वाचला. मासिकातल्या लेखात नेमकं हेच लिहिलेलं होतं: आकडे कुठे बघायचे, नाही सापडले तर सगळ्यात कमी कोणते भरायचे. आजूबाजूला ज्याच्या कुणीच जाणकार नाही, त्याला समोर धरून तो मजकूर लिहिला होता. शाळेत नि कॉलेजात मला बरेच शिक्षक लाभले, पण माझी अडचण माझ्याआधी ओळखून ठेवणारा शिक्षक मला त्या पानांवर भेटला.

खानदेशातल्या भारनियमनाबद्दल वेगळं सांगायला नको. वीज जायची आणि परत आली की मशीन चालू होताना डिस्क तपासत बसायचं. बाहेर पट्टीसाठी शेतकरी उभा, त्याची शेवटची एसटी निघायची वेळ, आणि पडद्यावर टक्के हळूहळू सरकताहेत. 2001च्या अखेरीस लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ईएक्सटी-3 ही फाइलपद्धत आली. तीत करायच्या बदलाची नोंद आधी होते, मग बदल होतो, त्यामुळे वीज गेली तरी ती दीर्घ तपासणी टळते. आमच्या रोजकिर्दीसारखंच ते: आधी नोंद, मग खतावणी. ज्यांनी ते केलं त्यांच्या डोळ्यांपुढे मोठमोठे सर्व्हर असतील. उपयोग मात्र आमच्यासारख्या यूपीएस नसलेल्या दुकानालाही तितकाच झाला. परदेशात बसलेल्या कुणीतरी आमच्या शेतकऱ्याची शेवटची एसटी चुकू दिली नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं.

हौसेपोटी मी पट्टीचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आधी रोमन अक्षरांत. शेतकरी पट्टी हातात घेऊन विचारायचे, "दिवाणजी, यात माझं नाव कुठं आहे?" मग मराठीत छापायचं मनावर घेतलं. तोवर युनिकोड ही सगळ्या लिपींसाठीची सामाईक संकेतपद्धती आलेली होती. रेड हॅटने 2004 साली लोहित मालिकेचे पहिले फॉन्ट मुक्त परवान्यावर खुले केले होते. मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं. देवनागरी छापता येऊ लागली, पण माझ्या मशीनवर 'शेतकऱ्याचे नाव' हा मथळा काही धड उमटेना. 'ऱ्या'च्या जागी तुटका र, त्याखाली टिंब, बाजूला हलन्त. हिंदीत तसा जोड लागत नाही, म्हणून ज्यांनी ते तपासलं त्यांच्या नजरेतून सुटलं असावं. ल आणि श हेही हिंदी वळणाचे उमटायचे. शेठजी कागद हातात धरून म्हणाले, "दिवाणजी, बाकी सगळं ठीक आहे, पण ज्याच्यासाठी पट्टी करायची त्याचंच नाव मोडकं?"

मी काय करणार होतो? वैतागलो, आणि पेनने दुरुस्त करून पट्ट्या देऊ लागलो. हे कुणाला कळवायचं असतं, कळवता येतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

याच सुमारास चिटणीसांविषयी वाचलेल्या एका गोष्टीने मी दुखावलो होतो. 2001 साली त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूत लिनक्सचं संमेलन सुरू केलं होतं. 2005 पासून त्याचं नाव 'फॉस डॉट इन' झालं. पुढे त्यांनी संमेलनाचा रोख बदलला. हे संमेलन नुसतं वापरणाऱ्यांसाठी नाही, काहीतरी परत देणाऱ्यांसाठी आहे, अशी त्यांची भूमिका झाली. स्वभाव रोखठोक होता, त्यामुळे ती त्यांनी आडपडदा न ठेवता मांडली. मला वाटलं, ज्यांनी आम्हाला आत घेतलं तेच आता दार लावून घेताहेत. आम्ही दिवाणजी, मास्तर, सायबर कॅफेवाले. आमच्याकडे परत देण्यासारखं काय असणार? तो सल बरेच दिवस मनात होता.

तो सल निघाला तो दुकानातच. आमच्याकडे माल आणणाऱ्या एका शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत बापाबरोबर आला नि पट्टीवरची माझी पेनची दुरुस्ती बघून म्हणाला, "काका, हे तुम्ही रोज करता?"

"रोज करतो. काय करू?"

"पण कळवलं का कुणाला?"

"कोणाला कळवू? आपलं कोण ऐकतं?"

त्याचे वडील पोत्यांवर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "लिहा न भो दिवाणजी. सांगितल्याबिगर त्याले कसं कळीन?"

त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून माझ्या आयुष्यातली पहिली तक्रार लिहिली. मी मराठीत सांगायचो, तो इंग्रजीत उतरवायचा. मला वाटलं होतं, 'मराठी नीट दिसत नाही' एवढं लिहिलं की झालं. त्याने मला थांबवलं. कोणतं अक्षर, कोणत्या क्रमाने टाइप केलं, कोणत्या फॉन्टमध्ये, कोणत्या आवृत्तीत, काय दिसायला हवं नि काय दिसतं. शेजारी पाटीवर खडूने 'ऱ्या' काढून त्याचा फोटोही जोडला. काही महिन्यांनी नव्या आवृत्तीत तो मथळा सरळ उमटला. ते कुणी दुरुस्त केलं मला ठाऊक नाही. आमच्याआधी आणखी कितीजणांनी कळवलं असेल तेही ठाऊक नाही. पण पेन खिशात राहिलं आणि पट्टीवर 'शेतकऱ्याचे नाव' स्वच्छ आलं. मराठी वळणाचा ल नि श मराठीपुरता आपोआप यावा, अशी सोयही पुढे लोहितमध्ये झाली.

परत देणं म्हणजे काय, ते मला तेव्हा उमगलं. चिटणीस काय म्हणत होते तेही उमगलं. मोठ्या कंपनीची अडचण सांगायला तिचे पगारी लोक असतात, ते त्या बैठकीत बसलेलेच असतात. छोट्याची अडचण तिथे पोचते ती कुणी नीट लिहून नेली तरच. आम्हाला 'नुसते वापरणारे' राहू नका असं सांगणारा माणूस आमच्या विरुद्ध नव्हता. आम्हाला त्या बैठकीत जागा मिळायची असेल तर तिचा रस्ता तेवढाच होता, आणि तो ते दाखवत होते.

मग मी हे मुक्त सॉफ्टवेअरचं जग चालतं कसं ते समजून घेऊ लागलो. लिनक्सची एक आवृत्ती तयार करणारा डेबियन नावाचा एक प्रकल्प आहे, पूर्णपणे स्वयंसेवकांचा. त्याने 1997 साली स्वतःवर एक करार घालून घेतला. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं आहे की वापरणारे लोक आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोघांना आमच्या कामात अग्रक्रम राहील. त्यांचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. मत मात्र सदस्यांना, वापरणाऱ्याला नाही. वापरणारे जगभर किती पसरलेले आहेत आणि सदस्य साधारण हजारभर. म्हणजे त्या हजारांनी बाकीच्यांची आठवण ठेवायची, असा हा विश्वासावर चाललेला कारभार. 2010 साली त्यांनी ठराव करून, कोड न लिहिणाऱ्या पण भाषांतर, दस्तऐवज अशी कामं करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्यत्वाचं दार उघडलं. तो ठराव वाचताना मला पोत्यांवर बसलेल्या त्या गृहस्थांची आठवण झाली.

त्याच प्रकल्पात, कोणतं पॅकेज किती वापरलं जातं याची मोजणी होते. ज्याची इच्छा असेल त्याचं मशीन अधूनमधून यादी पाठवतं. सीडींवर कोणती पॅकेजं आधी ठेवायची हे त्या मोजणीवरून ठरवत. कल्पना चांगली आहे. पण ज्याच्याकडे नेटच नाही, त्याचं मशीन या मोजणीत येणार कसं? सीडीवर सगळ्यात जास्त विसंबून असणारा माणूस त्या सीडीच्या हिशोबातच नव्हता. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण मोजणीत न येणाऱ्यांसाठी कुणीतरी बोलावं लागतं, हे माझ्या मनात तिथे पक्कं झालं.

3 जून 2013 रोजी चिटणीस कर्करोगाने गेले. वय 51. 'फॉस डॉट इन' आदल्या वर्षीच शेवटचं भरलं होतं. बातमी मला त्या मुलाने फोनवर सांगितली. मी दुकानात होतो, गिऱ्हाईक समोर होतं, बोलता आलं नाही. रात्री घरी जुने अंक काढले. त्यांना एखादं पत्र लिहायला हवं होतं, साधं चार ओळींचं, ही रुखरुख मला आजही आहे. हा लेख त्या पत्राची जागा घेऊ शकत नाही, तरी लिहितो आहे.

त्यांच्या मागे या जगाचे वारे बदलत गेले. लिनक्स फाउंडेशन ही मोठी संस्था. तिच्या संचालक मंडळात दोन जागा वैयक्तिक सभासदांनी निवडून द्यायच्या असत. जानेवारी 2016 मध्ये नियम बदलले आणि तो हक्क गेला. बाकीच्या जागा मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या. त्या कंपन्यांच्या पैशाने कितीतरी चांगली कामं होतात आणि त्यांचा लाभ मीही घेतो. तरीही ज्या कर्नलची सुरुवात 1991 साली एका विद्यार्थ्याने छंद म्हणून केली, त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत छंद म्हणून काम करणाऱ्याला मत उरू नये, याचं मला वाईट वाटलं. आजही वाटतं.

2019च्या जूनमध्ये उबुंटू या लिनक्सच्या आणखी एका आवृत्तीच्या कर्त्यांनी 32 बिटची पॅकेजं बंद करायचं जाहीर केलं. आठवड्याच्या आत त्यांना निर्णय बराचसा मागे घ्यावा लागला, कारण जुने खेळ खेळणारे नि जुनी सॉफ्टवेअर चालवणारे सगळीकडून बोलले. मुख्य आवाज त्यांचाच होता, आमच्यासारख्या जुन्या मशीनवाल्यांचा नव्हता. पण बोलल्याने फरक पडतो, एवढं त्यातून दिसलं.

आता माझ्यासमोर आहे तो प्रिंटरचा प्रश्न. लिनक्सवर छपाई सांभाळतं ते कप्स नावाचं सॉफ्टवेअर. कागदाखाली कार्बन लावून तीन प्रती काढायच्या तर डॉट मॅट्रिक्सला पर्याय नाही. सुयांचा ठोका बसल्याशिवाय तिसरी प्रत उमटत नाही. एक शेतकऱ्याला, एक खरेदीदाराला, एक आमच्या फायलीला. काही दुकानांत पट्टी अजून साध्या रोमन मजकुराची असते. ती प्रिंटरकडे जशीच्या तशी पाठवली तर भराभर निघते. चित्र करून पाठवली तर प्रिंटर प्रत्येक ओळीवर घासत बसतो, रिबिनही लवकर संपते. ही जशीच्या तशी पाठवायची सोय पुढे काढून टाकणार, अशी सूचना कप्स गेली काही वर्षं देतं आहे. त्यामागे कारणं आहेत. नवे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात आणि जुनं सगळं सांभाळत बसणं थोड्या माणसांना झेपत नाही. ओपनप्रिंटिंग हा प्रकल्प चालवणारे टिल काम्पेटर आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या प्रिंटरांसाठी वेगळी सोय काढली आहे, जुने ड्रायव्हर एका छोट्या प्रोग्रॅमात गुंडाळून ठेवण्याची. बाजारातून कधीच गेलेल्या प्रिंटरांसाठी कुणी आपले दिवस खर्च करतं, हे बघून मन भरून येतं. त्यांचंही ऋण माझ्या खात्यावर आहेच.

पण त्यांच्यासमोर आमचा कागद नाही. तो त्यांना दाखवणं आमचं काम. म्हणून सध्या मी बाजार समितीतली दुकानं, एमआयडीसीतल्या दोन-तीन दाळ मिल, ट्रान्सपोर्टवाले, गोलाणी मार्केटमधले ओळखीचे दुरुस्तीवाले यांच्याकडे फिरून एक यादी करतो आहे. कोणता प्रिंटर, कागद किती रुंद, प्रती किती, मराठी छापतात की इंग्रजी, नव्या सोयीतून एक पट्टी निघायला किती वेळ लागतो आणि तिसरी प्रत वाचता येते का. तिसरी प्रत मी स्वतः उन्हात धरून बघतो, कारण ती सहा महिन्यांनी वादाच्या वेळी उघडली जाते. वाचता येत नसेल तर तसं लिहितो, येत असेल तर तेही लिहितो. दुकानदार विचारतात, "दिवाणजी, याचा आम्हाला काय फायदा?" मी सांगतो, प्रिंटर बंद पडायच्या आधी सांगितलेलं बरं.

यादी मराठीत आहे. इंग्रजीत करून देणारा तो मुलगा आता पुण्यात नोकरीला असतो, त्यालाच मुलगी झाली आहे. तरी रविवारी सकाळी फोन लावला की उचलतो. पुढच्या रविवारी आम्ही पहिली पाच दुकानं पुरी करून पाठवणार आहोत.